नवरा पाहायला यवतमाळला

मुलगी पाहायला आलेल्या मंडळींसमोर चहाचा ट्रे घेऊन जाण्याचा अनुभव माझ्या गाठीशी पुष्कळ होता. मुलगा पाहायला मात्र मी पहिल्यांदाच निघाले, आणि तेही साताऱ्याहून थेट यवतमाळला.

कापसाची ती वाईट वर्षं होती. यवतमाळ हे नाव पेपरात रोज यायचं आणि ते उच्चारताना माणसं आपोआप आवाज खाली आणायची. गाडीत समोरच्या बाकावर एक काकू होत्या. चिवड्याचा डबा उघडता उघडता त्यांनी विचारलं, "कुठं निघालात?"

"यवतमाळला."

काकूंचा हात डब्यातच थांबला. "अगं बाई. कुणी गेलंय का?"

"नाही हो. मुलगा पाहायला चाललेय."

हे उत्तर त्यांना पहिल्यापेक्षा जड गेलं असावं. डब्याचं झाकण लावून त्या बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

मी साताऱ्यात कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. वर्षभर अर्धे बाक रिकामे असतात. पण 'प्रेम आणि आकर्षण' हा धडा आला की शेजारच्या वर्गातली मुलंही दाराशी उभी राहतात. मी त्यांना सांगते, की जोडीदारात काय हवं हे माणूस ज्या खात्रीने सांगतो, त्या खात्रीने तसा जोडीदार निवडत मात्र नाही. भांडणाऱ्या नवरा-बायकोची काळजी करू नका, एकमेकांना तुच्छ लेखणाऱ्यांची करा, हेही सांगते. मुलं लिहून घेतात. इतकं सगळं ठाऊक असणाऱ्या त्यांच्या मॅडमना स्वतःचं मात्र ठरवता येत नव्हतं, हे त्यांना माहीत नव्हतं.

प्रफुल्ल मला नागपुरात भेटला. प्राध्यापकांसाठी एक अभ्यासवर्ग होता, तिथे तो वनस्पतिशास्त्राचा आणि मी मानसशास्त्राची. पुढे वर्षभर दर रविवारी त्याचा फोन येत राहिला. शेवटी मीच लग्नाचा विषय काढला, तर तो म्हणाला, "आधी येऊन पाहा. मी काय आहे, घर काय आहे, गाव काय आहे. मग हो-नाही सांग."

माझ्या वडिलांना, अण्णांना, मुलगा पसंत होता. समाज एक, शिक्षण बरोबरीचं. "पण यवतमाळ?" एवढंच ते म्हणत आणि चष्मा पुसत. शेवटी त्यांनी माझ्याबरोबर कुसुममावशीला धाडलं. मावशी निवृत्त नर्स. तापाचं सोंग केलेला माणूस ती दारातूनच ओळखते. "खोड असली तर सापडेल हिला," असं अण्णा माझ्यासमोरच म्हणाले.

धामणगाव ते पांढरकवडा

प्रफुल्ल धामणगावच्या स्टेशनवर उभा होता. मावशीला वाकून नमस्कार, मला नुसतं हसू. तिथून यवतमाळ, आणि यवतमाळहून दुसरी बस पांढरकवड्याला.

पेपर वाचून माझ्या मनात या जिल्ह्याचं एक भेगाळलेलं चित्र तयार झालं होतं. बाहेर दिसत होतं ते निराळंच. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, मधूनमधून तुरीच्या उंच ओळी, मागे सागाच्या टेकड्या. आमच्याकडे उसाच्या शेतात माणूस शिरला की दिसेनासा होतो. इथे वेचणाऱ्या बायका कमरेपर्यंत पांढऱ्यात उभ्या होत्या आणि एकीचं हसणं-बोलणं दुसरीला पार बांधापलीकडे ऐकू जात होतं. पेपरातलं खोटं होतं असं नाही. बसमध्ये आमच्या मागे दोघं कापसाच्या भावाबद्दल बोलत होते आणि त्यांच्या बोलण्यात हसू नव्हतं. पण पेपरात ह्या बायकांचं हसणंही नव्हतं.

यवतमाळच्या स्टँडबाहेर आम्ही पोहे घेतले. हॉटेलवाल्याने विचारलं, "सांबार टाकू का वरून?"

मावशी दचकली. "पोह्यांवर सांबार? नको बाबा. वाटीत वेगळं द्या."

त्या भल्या माणसाने वाटीभर चिरलेली कोथिंबीर आणून समोर ठेवली. प्रफुल्ल इतका हसला की त्याला ठसका लागला. इकडे कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात, हे त्याने मागाहून सांगितलं. मावशीने हार मानली नाही. सगळी वाटी पोह्यांवर पालथी केली आणि "चांगलं लागतंय की" म्हणाली.

माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून हॉटेलवाला म्हणाला, "पेपरवाल्या का मॅडम?"

"नाही."

"मंग संस्थेच्या? विचारपूस कराले?"

"पाहुण्या आहेत," प्रफुल्ल म्हणाला.

"पाहुण्या!" त्याचा चेहराच बदलला. त्याने फडक्याने बाक पुन्हा पुसला. "मंग बसा ना जी आरामात. लय दिवसानं नुसते पाहुणे आले कोणी."

पांढरकवड्याच्या बसमध्ये मी माझं खरं काम सुरू केलं. दोन माणसांचं जमतं की नाही हे मोठमोठ्या प्रसंगांत कळत नाही. एकाने सहज हाक घालावी, 'ते बघ', आणि दुसऱ्याने बघावं की न बघावं, इतक्या बारीक गोष्टीत ते असतं. वर्गात मी त्याला 'हाक आणि ओ' म्हणते. तारेवर निळकंठ बसला होता. मी म्हटलं, "ते बघ." मधल्या मावशीवरून अर्धा वाकून प्रफुल्लने पाहिलं. मग मी एक वडाचं झाड दाखवलं, मग उलटलेली बैलगाडी. त्याने तेही पाहिलं. शेवटी मला वाईट बुद्धी सुचली आणि मी उगाचच माळाकडे बोट केलं.

"काय आहे?"

"काही नाही."

"अस्सं," तो म्हणाला. आणि तरी थोडा वेळ तिकडे पाहत राहिला. न जाणो, असलंच काही तर.

पांढरकवडा

प्रफुल्लचं घर हायवेच्या मागच्या गल्लीत. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचे भोंगे घरात ऐकू येतात आणि घरातली माणसं बोलता बोलता भोंग्यापुरती थांबून वाक्य पुढे नेतात. वडील देवराव एसटीत चालक होते, आता निवृत्त. आई पंचफुलाबाई. त्यांनी मला दारातच थांबवलं, पायांवर पाणी घातलं आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं. "फोटोपक्षा बरी आहे," असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, माझ्यासमोर.

बैठकीच्या भिंतीवर त्याच तसबिरी होत्या, ज्या आमच्या घरी आहेत, आणि त्याच क्रमाने. संध्याकाळी सगळे वंदनेला बसलो. त्रिसरण तेच, शब्द तेच, पण चाल निराळी. आम्ही जिथे आवाज उतरवतो तिथे हे चढवतात. मावशी आणि मी खाली, ते तिघं वर. दुसऱ्या ओळीला देवरावांना हसू आवरेना. "होऊ द्या, होऊ द्या," पंचफुलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "भगवंताले दोनी समजते."

जेवायला पाटवडीचा रस्सा होता. पहिल्या घासाला माझ्या कानातून वाफ निघाली. मावशीचं नाक वाहू लागलं.

"तिखट झालं का?" पंचफुलाबाईंनी काळजीने विचारलं. "आज तर टाकलंच नाही जी. पाहुणे आहेत म्हणून."

नवरा-बायकोचं जेवताना अखंड भांडण चालू होतं. देवराव घाटात ब्रेक फेल झाल्याची गोष्ट सांगत होते आणि पंचफुलाबाई दर वाक्याला दुरुस्ती करत होत्या.

"मंगळवार होता त्या दिवशी."

"मंगळवार कायचा? बाजार होता. बाजार कधी असते?"

"गाडी मी चालवत होतो का तू?"

"गाडी तुमी चालवत होते, पण मंगळवार नोता."

तुच्छतेने कुणाचं नाक वर गेलंय का, डोळे फिरताहेत का, हे मी बारकाईने पाहत होते. तसलं काहीच नव्हतं. गोष्ट संपताना, गाडी थांबली आणि सगळे वाचले तेव्हा, पंचफुलाबाईंनी सुटकेचा श्वास सोडला. ही गोष्ट त्यांनी किती वेळा ऐकली असेल कुणास ठाऊक.

मावशी झोपायच्या आधी माझ्या कानात म्हणाली, "अजून तरी काय सापडलं न्हाई."

रोही

दुसऱ्या दिवशी प्रफुल्लला त्याच्या मित्राकडे, रामधनकडे, मला न्यायचं होतं. रामधनचा तांडा जंगलाच्या अंगाला. एकेकाळी बैलांच्या पाठीवर माल लादून देश फिरणारी ही बंजारा माणसं, आता कापूस-तूर करतात. "दिसाउजेडी जावा नि या," म्हणून मावशीने परवानगी दिली.

मोटारसायकलवर मी त्याला माझा आवडता प्रयोग सांगत होते. उंच, झुलत्या पुलावर एखाद्या तरुणाला एक मुलगी भेटवायची. दुसऱ्या तरुणाला तीच मुलगी साध्या, भक्कम पुलावर. झुलत्या पुलावरच्याला ती जास्त आवडते. छाती धडधडते भीतीने, आणि तो समजतो प्रेमाने.

"म्हणजे माणूस इतका बावळट?" प्रफुल्लने विचारलं.

"इतका."

एवढ्यात तुरीतून एक रोही उसळला. नीलगाय म्हणतो आपण, पण हा काळपट, घोड्याएवढा नर होता. तो आमच्या पुढून एका झेपेत रस्ता ओलांडून गेला. प्रफुल्लने ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि आम्ही दोघं रस्त्याकडेच्या कापसात.

क्षणभर काहीच कळलं नाही. मग कळलं की गुडघा फुटलाय, बाकी मी शाबूत आहे. प्रफुल्ल बोंडांत बसला होता. डोक्याला, मिशीला कापूस चिकटलेला. तो धडपडत माझ्याकडे आला, माझे हात, कोपर, डोकं पाहिलं. सगळं ठीक आहे हे पटल्यावर तो मटकन खाली बसला.

"छाती धडधडून राह्यली का तुझी?"

"भयंकर."

"मग विचारू का आत्ताच?"

"आत्ता मुळीच विचारू नकोस," मी म्हटलं. "आत्ता मी त्या रोह्यालाही हो म्हणेन."

आम्ही दोघं इतकं हसलो की पलीकडच्या शेतातल्या बायका वेचणं सोडून पाहायला आल्या.

तांड्यात रामधनच्या बायकोने, शांताबाईने, माझा गुडघा धुऊन हळद भरली. नवरा-बायको आपसात त्यांच्या गोर बोलीत बोलत, आमच्याशी वऱ्हाडीत. रामधन म्हणाला, "रोही आडवा गेला? चांगला शकुन असते."

"खरंच?" मी विचारलं.

"आतापासून असते," तो म्हणाला आणि स्वतःच खूश झाला.

चहा झाला. निघताना शांताबाईने माझा हात धरला. "तुमी बऱ्या बाई. घर पाहाले आल्या तरी. नाशिकवाली तर आलीच नाही. अन् ती पुण्याची बी नाही आली."

मी प्रफुल्लकडे पाहिलं. तो गाडीला किक मारत होता आणि गाडी सुरू झालेली असूनही मारतच होता.

भिंत

रस्त्यात मी विचारलं. "नाशिकची कोण? पुण्याची कोण?" तो बोलला नाही. "लग्न ठरलं होतं का?" बोलला नाही. वर्षभर दर रविवारी फोन करणारा माणूस, आणि आता समोर नुसती पाठ. घराशी त्याने मला उतरवलं, मानही न वळवता गाडी फिरवली आणि हायवेकडे निघून गेला.

मी खडूने फळ्यावर लिहिते ती सगळी वाक्यं मला आठवू लागली. भांडण चालतं, रडणं चालतं. एकाने तोंड मिटून भिंत उभी केली की समजावं, हा संसार खचत चाललाय. मला भिंत दिसली होती. लग्नाआधीच.

मावशी माझ्या गुडघ्याला पट्टी बांधत होती. "सापडली म्हणायची खोड," ती म्हणाली. पण शोध लागल्याचा आनंद तिच्या आवाजात नव्हता.

"उद्याच निघू या," मी म्हटलं आणि बॅग भरायला घेतली.

पंचफुलाबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बॅग पाहिली, माझा चेहरा पाहिला. विनवणी केली नाही की मुलाची बाजू घेतली नाही.

"जाऊन राह्यली का?"

मी मान हलवली.

"जा. पण थो आला का मंग जा. त्याच्या तोंडावर सांग. आधीच्यायनं फोनवर सांगतलं होतं. त्याच्या बाबाले." एवढं बोलून त्या आत गेल्या. आतून लसूण ठेचल्याचा आवाज येऊ लागला, जरा जास्तच जोरात.

दिवेलागणीला प्रफुल्ल आला. अंगणात गाडी लावली, तोंड धुतलं आणि सरळ माझ्यासमोर येऊन बसला. मावशी उठायला लागली तर म्हणाला, "मावशी, तुम्ही पण बसा."

एरवी तो माझ्याशी पुस्तकी मराठी बोले. त्या दिवशी भाषा घरची झाली.

"मले राग आला का शब्द सापडत नाहीत. तोंडातून वाकडं जाईन म्हणून उठून जातो. करंजी गावापर्यंत गेलतो. चहा पेला, परत आलो. आता विचार तुले काय विचारायचं ते."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? नाशिकच्या लोकायनं पोरगा पाह्यला, नोकरी पाह्यली, समदं पसंत. मंग कोणीतरी म्हणलं, यवतमाळात पोरगी देता का? झालं, विषय खतम. दुसऱ्या वेळी बी थेच. माह्यात खोट असती तर बरं झालं असतं. सुधारली असती. जिल्हा कसा सुधारू मी?"

मावशीने चष्मा काढून पदराने पुसला, थेट अण्णांसारखा.

"म्हणून तुले म्हणलं, आधी येऊन पाय. नाही म्हणायचं तर पाहून म्हण. ऐकून नको म्हणू."

माझ्या पुस्तकांत भिंतीच्या पुढच्याच पानावर आणखी एक गोष्ट आहे, जी मी वर्गात घाईने उरकते. राग चढला, छातीचे ठोके वाढले की माणसाला ऐकूच येत नाही. अशा वेळी जरा बाजूला व्हावं आणि शांत होऊन परत यावं. भिंत घालणारा आणि फिरून येणारा, दोघंही जाताना पाठमोरे सारखेच दिसतात. परत आल्यावरच फरक कळतो. करंजीपर्यंत जाऊन आलेला हा माणूस माझ्यासमोर बसला होता, आणि पळून जाण्यासाठी बॅग भरलेली मी होते.

"एक कर," मी म्हटलं. "पुढच्या वेळी उठशील तेव्हा सांगून ऊठ. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. तेवढंच म्हण. मग मी थांबेन."

"येतो म्हणीन," तो म्हणाला. "रागात असलो तरी."

"आरडून म्हणलास तरी चालंल," मावशी म्हणाली. "पण म्हण."

त्या रात्रीच्या जेवणाला भाकरी, वांग्याची भाजी आणि लसणाची चटणी होती. चटणी फार बारीक वाटली गेली होती.

एक साधी दुपार

आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो नाही. त्यानंतरच्या दिवशीही नाही. मी बाजार पाहिला, जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांची रांग पाहिली, प्रफुल्लच्या कॉलेजात जाऊन आले. तिथल्या प्राचार्यांशी बोलताना मानसशास्त्राचा विषय जिल्ह्यात कुठेकुठे शिकवतात, याची मी चौकशी करतेय, हे माझं मलाच जरा उशिरा लक्षात आलं.

एका दुपारी पंचफुलाबाई आणि मावशी बाजारात गेल्या होत्या. दोघींची चांगली गट्टी झाली होती. मावशी भेदरं म्हणजे टमाटे आणि फल्ली म्हणजे शेंगदाणे एवढं शिकली होती आणि पुढचे धडे घ्यायला भाजीबाजारात गेली होती. देवराव आत घोरत होते. प्रफुल्ल आणि मी अंगणात उकडलेल्या तुरीच्या शेंगा सोलून खात बसलो होतो. विशेष काही चाललं नव्हतं. तो मला कुठलं तरी गवत सांगत होता, त्याचं नाव मला आता आठवत नाही. मी मनगटावर बोट ठेवून पाहिलं. नाडी अगदी संथ चालली होती. आणि हा माणूस समोर असताना ती अशीच चालावी, असं मला वाटलं.

"विचार," मी म्हटलं.

"काय?"

"जे विचारायचं राहिलंय ते."

तो हातातली शेंग खाली ठेवून उठला. "थांब. हात धुऊन येतो."

तो मोरीत गेला. ड्रममधून लोटा भरल्याचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. पुन्हा भरल्याचा, पुन्हा ओतल्याचा. मी वाट पाहून शेवटी उठले. तो लोट्यामागून लोटा हातांवर ओतत होता आणि त्याचे हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

मी दिसल्यावर तो थांबला. त्याने लग्नाचा शब्द काढला नाही.

"राहशीन का इथं?"

"राहीन."

"नोकरीचं?"

"शोधीन. नाही मिळाली तर दोघं मिळून ठरवू. पण राहीन."

त्याने मान डोलावली आणि लोटा पुन्हा भरला. तेवढ्यात फाटक वाजलं. पंचफुलाबाई पिशवी घेऊन सरळ आत आल्या आणि अंगणापर्यंत आलेला पाण्याचा ओघळ पाहून कडाडल्या, "अरे, नळ दोन दिवसांआड येते अन् तू समदा ड्रम सांडून बसला का? काय धुऊन राह्यला इतकं?"

"आई," प्रफुल्ल म्हणाला आणि भरलेला लोटा परत ड्रममध्ये ओतला. मावशीने माझ्याकडे पाहिलं. दारातूनच ओळखलं तिने.

"ती हो म्हणली वाटतं," मावशी पंचफुलाबाईंना म्हणाली.

पंचफुलाबाईंच्या हातातली पिशवी हळूच खाली गेली. दोन भेदरं घरंगळत पाण्यात आली. त्या माझ्याजवळ आल्या, ओल्या मोरीतच दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि सोडून दिला. "चहा मांडते," असं काहीतरी पुटपुटल्या आणि स्वयंपाकघराकडे वळल्या. पण तिथवर गेल्याच नाहीत. मधूनच कुंपणाच्या भिंतीकडे धावल्या आणि शेजारच्या अंगणात ओरडल्या, "ओ बाई! ऐकलं का? साताऱ्याची पोट्टी हो म्हणली!"

पलीकडून आवाज आला, "कोणाले?"

"आपल्या प्रफुल्लले!" पंचफुलाबाई म्हणाल्या. मग दम घेतला आणि गल्लीच्या पार टोकापर्यंत जाईल अशा आवाजात पुढचं म्हणाल्या. "अन् यवतमाळले बी!"